शेऱ्याचा रकाना

“मेंढरं! धुळाबा, मेंढरं!”

मी ओरडलो खरा, पण माझा आवाज मुळातच बारीक. माळाच्या दुसऱ्या टोकाला, धुराच्या खड्ड्यावर वाकलेल्या धुळाबापर्यंत तो पोचणं शक्यच नव्हतं. टपालाचं विमान टेकडीवरून वळून खाली येत होतं आणि चुन्याच्या पांढऱ्या गोलाच्या अलीकडे कुणाची तरी शंभरेक मेंढरं माना खाली घालून चरत होती.

अशा वेळी कॅप्टन टिपणीस माळावरून एकदा सपकन जायचे. इंजिनाच्या आवाजाने जनावरं पांगली की मगच दुसऱ्या फेरीला उतरायचे. त्या मंगळवारी ते सरळ खाली आले. मेंढरं तिथे नाहीतच अशा थाटात आले. मी धावत सुटलो, दहा पावलांत चष्मा नाकावरून घसरला, तो सावरेपर्यंत कळपातलं काळं कुत्रं भुंकत पुढे झालं आणि त्याच क्षणी विमानाचं नाक वर उचललं. चाकं मेंढरांच्या पाठींवरून हातभर अंतराने गेली. विमान पुढे जाऊन आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं आणि माळाच्या कडेच्या बोराटीत शिरता शिरता थांबलं.

मी पोचलो तेव्हा धुळाबा माझ्याआधी तिथे उभा होता. टपालखात्याने माळ राखायला ठेवलेला हा धनगर. जनावरं हाकणं आणि विमानाचा आवाज आला की वाऱ्याची दिशा कळावी म्हणून धूर करणं हे त्याचं काम. माझ्या कानाशी येऊन तो हळूच म्हणाला,

“मास्तर, पांढरी जित्राबं दिसलीच न्हाईत सायबास्नी. काळं कुत्रं दिसलं तवा कुटं नाक वर केलं.”

“काहीतरीच बोलतोस.”

“मी काय बोलणार? मी आपला मेंढरं वळणारा.”

ही १९३८ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो आणि करंजवड्याच्या पोस्टात कारकून होतो. विमानाने टपाल जायला लागून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आठवड्यातून दोनदा ते विमान आमच्या माळावर उतरायचं. मंगळवारी मुंबईहून येऊन दक्षिणेला जायचं, शुक्रवारी परत मुंबईला. विमानात बिनतारी यंत्र नव्हतं. वैमानिक नदी, रेल्वेचे रूळ, टेकड्या बघत यायचा आणि आमचा चुन्याचा गोल आणि धुळाबाचा धूर बघून उतरायचा. सगळा कारभार डोळ्यांवर. माळावर एक पत्र्याची शेड, एक तराजू, पेट्रोलचे डबे आणि मी. पोती मोजायची, वजन करायचं, लाख लावून मोहोर करायची आणि मुंबईच्या कचेरीसाठी एक फॉर्म भरायचा.

या कामासाठी माझी निवड का झाली, मला आजही कळलेलं नाही. बहुधा दुसरं कुणी उन्हात जायला तयार नसावं.

कॅप्टन टिपणीस मात्र मला फार मोठे वाटत. चाळिशीचे, उंच, मोटारींच्या कारखान्यात हात काळे करता करता उडायला शिकलेले. अलीकडल्या पोरांना सगळं आयतं मिळालं, हे टपालाच्या पहिल्या खेपेपासूनचे. एकदा नदीच्या वाळूत विमान कोसळलं तेव्हा गळ्याजवळचं हाड मोडलेलं असताना त्यांनी बैलगाडी मिळवून पोती आठ मैलांवरच्या स्टेशनात पोचवली आणि मग डॉक्टरकडे गेले. मी त्यांना भीत भीत त्याबद्दल विचारलं होतं, तर म्हणाले, “विमान कंपनीचं आहे, जीव माझा आहे. पोतं मात्र लोकांचं आहे ना?” सहा वर्षांत त्यांचं एक पोतं हरवलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता.

आणि ते मला वाचायला लावायचे. हवामानाची तार, फॉर्म, कधी वर्तमानपत्रातली बातमी. “वाचा हो उपासनी, तुमचं वाचन ऐकत राहावंसं वाटतं.” माझ्या आवाजाचं कौतुक जन्मात कुणी केलं नव्हतं. मी हुरळून गेलो होतो, हे कबूल करायला आता हरकत नाही.

तर त्या मंगळवारी मी शेडमध्ये गेलो, हवामानाचा कागद घेतला आणि बाहेर येऊन त्यांच्या हातात दिला. ते विमानाच्या पंखाला टेकून उभे होते. कपाळावर घाम होता. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला, मान उजवीकडे जराशी कलती केली, वरपासून खालपर्यंत बघितलं.

“छान. हवा बरी दिसते. एकदा वाचून दाखवा बरं.”

मी कागद परत घेतला. तो कोरा होता. घाईत मी गठ्ठ्यातला भलताच कागद उचलून आणला होता.

मान तशी कलती करणारा एक माणूस मी रोज घरी बघत होतो. माझे वडील. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. कुणी आलं की ते तशीच मान करायचे, दुपारच्या उन्हात अंगणात आले की भिंत धरायचे आणि सांजेला मात्र बरं दिसतं म्हणायचे. मग मला एकेक आठवू लागलं. गणपतीनंतर कॅप्टननी धूर काळा करायला सांगितला होता. ओल्या गवताचा पांढरा धूर नको, मी जळकं तेल आणून देतो, ते टाका. चुन्याचा गोल दुप्पट मोठा करून घेतला होता. सही करताना म्हणायचे, “बोट ठेवा कुठे करायची ते.” मी ठेवायचो. मला वाटे, मोठ्या माणसांची ही एक लकब.

“कॅप्टनसाहेब,” मी म्हणालो, “हा कागद कोरा आहे.”

धुळाबा पेट्रोलचे डबे आणायला गेला होता. इंजिनातून तापलेल्या लोखंडाचा टिकटिक आवाज येत होता.

“तुमच्याखेरीज कुणाला ठाऊक आहे?” त्यांनी विचारलं.

“कुणाला नाही. धुळाबाला शंका आहे.”

“डावा दोन वर्षांपासून. उजवा या पावसाळ्यापासून. काळं दिसतं, सावल्या दिसतात. पांढऱ्यावर पांढरं असलं की सगळं दूध होतं.”

“पण दर सहा महिन्यांनी डॉक्टर तपासतात ना?”

“डॉक्टरच्या भिंतीवरचा तक्ता मला पाठ आहे. तुम्हाला म्हणून दाखवू?” ते हसले. मला हसू आलं नाही. मग ते एकदम जवळ आले. “उपासनी, एक तारखेला नवं विमान येतंय. काचेची बंद खोली, आत माणसं बसणार, चार माणसं. सहा वर्षं मी पोती वाहिली. पोत्यांना भीती वाटत नाही, पोती खिडकीतून बघत नाहीत. मला एकदा माणसं घेऊन उडायचंय. एकच फेरी. ती झाली की मी स्वतः मुंबईला जाऊन सांगतो, डोळे गेले म्हणून. मिरजेला शस्त्रक्रिया करून घेतो. तोवर तुमचा शेरा आहे तसा राहू द्या.”

फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. विमान, वैमानिक, माळ यांबद्दल काही सांगायचं असेल तर तिथे लिहायचं, खाली माझी सही आणि वैमानिकाची सही. दोन वर्षं त्यात मी दोनच शब्द लिहीत आलो होतो. सर्व ठीक.

मी काहीच बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याला लोक आयुष्यभर होकार धरत आले आहेत. कॅप्टननीही धरला. माझा खांदा दाबला आणि ते दक्षिणेला उडून गेले.

मंगळवार ते शुक्रवार मी जेवलो की नाही मला आठवत नाही. रात्री वडिलांना औषध देताना मी विचारलं, “समोरून मेंढरं आली तर दिसतील का तुम्हाला?” ते म्हणाले, “आपल्याकडे मेंढरं कुठून आली?” पोस्टात मी कामात चुका करत होतो. नव्या विमानाच्या पहिल्या फेरीची जाहिरात तिथेच दारावर लावलेली होती. आमच्या गावातून दोन जागा घेतल्या गेल्या होत्या, एक वकील आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. ती मुलगी रोज शाळेतून येताना जाहिरातीतलं चित्र बघायला थांबायची. मला दिसली की विचारायची, “तुम्ही बसलात का हो विमानात?” मी नाही म्हणायचो. “घाबरता?” ती विचारायची. मी हो म्हणायचो.

मी मनात शंभरदा ठरवलं, तोंडावर सांगायचं. वाक्यं तयार केली, पाठ केली. आणि शंभरदा मला वाटलं, तू कोण? पुस्तकं वाचणारा, चार पावलं धावला की चष्मा पाडणारा माणूस. तुला कोरा कागद आणि मेंढरं एवढ्यावरून खात्री? कदाचित त्या दिवशी ऊन डोळ्यांवर आलं असेल.

शुक्रवारी सकाळी दहाला विमान आलं. धुळाबाने इतकं जळकं तेल ओतलं होतं की माळावर काळा खांब उभा राहिल्यासारखा धूर होता. मी स्वतः चारही कडांना फिरून एकूण एक जनावर हाकललं होतं. कॅप्टन व्यवस्थित उतरले. फार सुरेख उतरले. क्षणभर मला हायसं वाटलं आणि मी मनात म्हणालो, बघ, उगाच.

ते खाली उतरले आणि विमानाच्या पायरीवरून शेवटचं पाऊल जमिनीवर ठेवण्याआधी त्यांनी बुटाच्या टोकाने जमीन चाचपली.

मी शेडमध्ये जाऊन फॉर्म भरायला बसलो. खाली कार्बन, त्याखाली आमची प्रत. उतरण्याची वेळ, पोती तीन, वजन, पेट्रोल. मग शेरा. तो फॉर्म इंग्रजी होता, मराठीत सांगायचं तर मी लिहिलं ते असं: ‘वैमानिकास कागद वाचता येत नाही. मंगळवारी उतरताना समोरची पांढरी मेंढरे दिसली नाहीत. माणसे बसवण्यापूर्वी तपासणी व्हावी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, याची मला खात्री आहे.’ शेवटी आधी मी ‘असे मला वाटते’ लिहिणार होतो. ते माझे नेहमीचे शब्द. पेन्सिल तिथे थांबली होती. मग दुसरे शब्द लिहिले, इतके दाबून की टोक मोडलं.

“झालं का?” कॅप्टन दारात आले. पाठीमागे ऊन होतं, चेहरा दिसत नव्हता. “वाचा.”

मी वाचू लागलो. वेळ वाचली, पोती, वजन, पेट्रोल. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

“शेरा?”

पाठ केलेली वाक्यं होती. कागदावर तर समोरच होती. मी तोंड उघडलं.

“सर्व ठीक,” मी म्हणालो.

त्यांनी फॉर्मचं पुस्तक घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि सहीची जागा शोधताना करत तसा अंगठा कागदावरून फिरवला. मी बोट ठेवायला विसरलो होतो. घाईने ठेवलं. त्यांनी बोटाशेजारी सही केली. नेहमीसारखीच, ठसठशीत.

“मुंबईचं पाकीट या पोत्यात ना?”

“हो.”

“टाका. माझ्यासमोर लाख लावा.”

मी वरचा फॉर्म फाडून पाकिटात घातला, पाकीट पोत्यात, दोरी आवळली, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि मोहोर दाबली. माझ्या हाताला चटका बसला. ते तिथेच उभे होते. मग त्यांनी ते पोतं स्वतः उचललं. एरवी ते काम धुळाबाचं असायचं.

“धुळाबा, आज धूर झकास होता बरं का.”

“तुमच्यासाठनंच केलाय सायेब.”

“उपासनी, येतो.”

मला वाटतं मी हात वर केला. विमान गेलं. आवाजही गेला. माळावर चुन्याचा गोल उन्हात चकाकत होता आणि घाटाच्या बाजूला, जिकडे ते गेले, तिकडे आकाश पांढुरकं होतं. दूध सांडल्यासारखं. मी जानेवारीतल्या माणसांचा विचार केला होता. आजच्या उडणाऱ्या माणसाचा केलाच नव्हता.

धुळाबाला मी सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. तो उकिडवा बसून ऐकत होता.

“मग तोंडावर का न्हाई सांगितलं?”

“जमलं नाही.”

“कागदावर मातूर जमलं.”

“हो.”

“आन् त्यो कागद त्येंच्याच पाठीवर दिला.” तो उठला, कांबळं झटकलं. “शिकल्याल्या माणसाचं काम लई अवघड.”

मी सायकलवर बसून गावात पोस्टात गेलो. मुंबईला पोचल्यावर वैमानिकाने आमच्याकडे तार करायची असा नियम होता, ती दीडपर्यंत यायची. तारमास्तर नदाफ यंत्रापाशी पान लावत बसले होते.

“या उपासनी. आज माळ सोडून इकडे?”

“तार आली का?”

“अजून वेळ आहे की. बसा. एवढा घाम कसला? बायकोला मुलगा झाला की काय?”

“माझं लग्न कुठे झालंय?”

“मग घाम कसला?”

दीड वाजला. दोन वाजले. नदाफ मला हसवायचा प्रयत्न करत होते, अडीचनंतर तेही थांबले. तीन वाजता त्यांनी आपणहून मुंबईला विचारणा केली. उत्तर आलं, विमान नाही. यंत्र कडकट्ट करायचं, ते कान देऊन ऐकायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. कापसाच्या भावाची तार. कुणाच्या तरी मावशीच्या आजाराची तार. मी बाकावर बसून माझे पाय बघत होतो. त्यांना घाट दिसला असेल का? पांढऱ्यावर पांढरं. दोन्ही डोळे नसलेल्या माणसाला मी घाटाकडे जाताना पाहिलं आणि हात वर केला. मी तोंडावर बोललो असतो तर ते भांडले असते, रागावले असते, पण बहुधा उडाले नसते. बहुधा. हा शब्द त्या दिवसापासून माझ्या पाठीमागे आहे.

चार वाजता पोस्टमास्तर घरी जाताना म्हणाले, “रेल्वेला कळवायला हवं, घाटात माणसं पाठवायला हवीत.” मी उठलो, पुन्हा बसलो.

पाचला दहा मिनिटं होती. यंत्र वाजू लागलं. नदाफांनी पेन्सिल उचलली, लिहीत गेले, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करत गेल्या.

“आली! पोचला गडी! घाटाच्या अलीकडे एका पडीक रानात उतरला होता असं मुंबईचा तारवाला सांगतोय, धुकं निवळेपर्यंत. दोन-अडीच तास. घ्या.” मग ते कागदाकडे पुन्हा बघत म्हणाले, “शेवटचा शब्द काय तो मला कळेना. दोनदा विचारून घेतला. तसाच आहे म्हणतात.”

मी तार वाचली. नेहमीचा मजकूर ठरलेला असायचा, पोचलो, पोती पूर्ण. त्या दिवशी होतं: रानात थांबून पोचलो. पोती तीन पूर्ण. शेराही.

मी सायकल कशी चालवली ते आठवत नाही. ऊन उतरलं होतं. दुरूनच मला माळावर धूर दिसला. आज पुन्हा विमान यायचं नव्हतं तरी धुळाबाने खड्डा पेटता ठेवला होता.

“हे कशाला?”

“वाट चुकून माघारी आलं असतं तर? आंदळ्या माणसाला काय, धूर तेवढाच.” त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. “पोचलं?”

“पोचलं.”

“आन् कागद?”

“तोही.”

तो खड्ड्यावर माती लोटू लागला.

मी शेडमध्ये गेलो आणि फॉर्मचं पुस्तक उघडलं. आमच्या प्रती त्यातच राहायच्या. कार्बनचा एक स्वभाव असतो, वरच्या कागदावर नुसता अंगठा दाबून फिरवला तरी खालच्या प्रतीवर निळा डाग उमटतो. आदल्या सगळ्या प्रतींवर तसा एक छोटा डाग होता, सहीच्या रेघेशेजारी. मी तो कितीदा पाहिला असेन, लक्ष दिलं नव्हतं.

त्या शुक्रवारच्या प्रतीवर डाग शेऱ्याच्या रकान्यात होता. ‘सर्व ठीक’ला अर्धी ओळही लागत नाही. निळा पट्टा माझ्या पहिल्या ओळीवरून गेला होता, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. दाबून लिहिलेल्या अक्षरांचे वळ त्यांच्या अंगठ्याला लागले असणार. काय लिहिलंय ते त्यांना वाचता येणं शक्य नव्हतं. किती लिहिलंय ते मात्र कळलं होतं. पट्टा चौथ्या ओळीच्या शेवटच्या शब्दापर्यंत गेला होता, जिथे टोक मोडलं होतं तिथे थोडा थांबला होता, आणि मग खाली सहीकडे वळला होता.

म्हणजे ते पाकीट पोत्यात टाका म्हणाले तेव्हा त्यांना माहीत होतं. माझ्यासमोर लाख लावा म्हणाले तेव्हाही. पोतं स्वतः उचललं तेव्हाही. मग त्या पडीक रानात दोन-अडीच तास ते एकटे होते, त्या पोत्यासोबत, आणि आसपास आगकाडी ओढताना बघणारं कुणी नव्हतं.

एक तारखेला नवं विमान आलं. चालवणारा दुसराच होता, तरुण, सगळं स्वतः वाचणारा. वकिलांची मुलगी खिडकीतून हात हलवत गेली. कॅप्टन टिपणीसांची मिरजेला शस्त्रक्रिया झाली, एक डोळा बऱ्यापैकी आला असं ऐकलं. ते पुन्हा उडाले नाहीत. मी त्यांना सात-आठ पत्रं लिहिली आणि एकही टाकलं नाही. माणूस पोस्टात असून.

ती प्रत माझ्याकडे आहे. नोकरी सोडताना मी ती पुस्तकातून फाडून आणली, आयुष्यात केलेली एवढीच चोरी. कधीतरी बाहेर काढतो आणि त्या निळ्या पट्ट्यावरून माझा अंगठा फिरवून बघतो. कागद गुळगुळीत आहे. मला काहीच लागत नाही.